मार्क गेले, पण नेमके कुठे?

प्रश्न: मी पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजमध्ये दोन वर्षांपासून ट्यूटर आहे. तिसऱ्या सेमिस्टरच्या अडल्ट हेल्थच्या सेशनलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, ६० पैकी २३ जण नापास झाले. विचारलं तर सगळे म्हणतात, "मॅडम, अभ्यास केला होता." खरं वाटत नाही, पण काही मुली रडल्या. जादा तास घ्यावेत की टेस्ट वाढवाव्यात? प्राचार्य म्हणतात पालकांना बोलवा. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला दोन महिने राहिलेत.

उत्तर:

"अभ्यास केला होता" या वाक्यापासूनच सुरुवात करते. तुम्हाला ते खरं वाटत नाही. मलाही वाटत नसे. सहा वर्षं वॉर्डात काढून मी शिकवायला आले आणि पहिली काही वर्षं सेशनलचे मार्क वर्गात मोठ्याने वाचून दाखवत होते. चारचौघांत लाज वाटली की अभ्यासाला लागतील, असा माझा समज. त्याचं आजही वाईट वाटतं. यादीत खाली असलेल्या मुली वर्गात बोलेनाशा झाल्या, शंका विचारेनाशा झाल्या आणि पुढच्या सेशनललाही त्याच खाली राहिल्या. मी त्यांचा ताप मोजला, आकडा सगळ्यांना सांगितला, पण ताप कशाने आलाय ते पाहिलंच नाही. वॉर्डात अशी वागले असते तर इनचार्ज सिस्टरांनी मला धारेवर धरलं असतं.

म्हणून आधी हे सांगते. जादा तास आत्ता लावू नका, टेस्टही वाढवू नका. त्या २३ जणांचे तपासलेले पेपर कपाटातून बाहेर काढा आणि एकेकाला समोर बसवून तो पेपर उघडा. प्रत्येकी २० मिनिटं धरली तर पावणेआठ तास होतात. रोज पाऊण तास दिलात तर दोन आठवड्यांत उरकेल.

हे मी कशावरून सांगते, ते एका मुलीच्या पेपरवरून दाखवते. बीड जिल्ह्यातल्या गावातून आलेली, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी. प्रश्न १५ मार्कांचा होता: हार्ट फेल्युअरची व्याख्या २ मार्क, कारणं आणि लक्षणं ५ मार्क, नर्सिंग मॅनेजमेंट ८ मार्क. तिने व्याख्या अर्धं पान लिहिली होती. पुढे कारणं दोन पानं. त्यानंतर हृदयाची आकृती, चारही कप्पे दोन रंगांच्या पेन्सिलींनी रंगवलेले, नावांच्या रेघा पट्टीने आखलेल्या. आकृती विचारलीच नव्हती. नर्सिंग मॅनेजमेंटच्या पाच ओळी होत्या आणि त्यातल्या तीन औषधांच्या. मार्क पडले साडेपाच.

मी पेपर बाजूला ठेवला आणि मराठीत विचारलं, "मेडिकल वॉर्डात सकाळची ड्यूटी आहे. साठ वर्षांचे काका, धाप लागलीय, पाय सुजलेत. तू काय करशील?" ती न थांबता बोलत गेली. आधी टेकून बसवीन, पाठीला उशा देईन. ऑक्सिजन किती आहे बघीन, सांगितलाय तसा लावीन. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन. किती प्यायले, किती लघवी झाली, लिहून ठेवीन. पायावर बोट दाबून खड्डा पडतो का बघीन. लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, दिलं असेल तर पोटॅशियमचा रिपोर्ट बघीन. मीठ कमी. काकूंना समजावीन, घरून लोणचं-पापड आणू नका म्हणून. मी ते एका कागदावर उतरवून घेत होते. शेवटी कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "हे आठ मार्क." ती म्हणाली, "मॅडम, हे लिहायचं असतं?"

तो प्रश्न मी विसरलेले नाही. तिला उत्तर येत होतं. हेच उत्तर आहे, एवढंच तिला माहीत नव्हतं. वॉर्डात करायचं ते काम आणि पेपरात लिहायचं ते पुस्तकातलं, अशी तिच्या डोक्यात दोन वेगळी खाती होती आणि एकातलं दुसऱ्यात जात नव्हतं. नापास होणाऱ्या मुलांमध्ये ही गोष्ट मला सगळ्यात जास्त दिसते. आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं. सकाळी वॉर्डात फाइल पूर्ण करून घ्यायची, दुपारी वर्गात नोट्स लिहून द्यायच्या. दोन्हींचा सांधा कुणी जुळवायचा?

आता पेपर घेऊन बसायचं कसं ते सांगते. पेपर हातात देण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगा: किती मार्क पडतील असं वाटलं होतं, कोणता प्रश्न सगळ्यात चांगला लिहिला असं वाटलं होतं आणि अभ्यास नेमका कसा केला. "रोज चार तास" हे उत्तर चालणार नाही. त्या चार तासांत डोळे, हात आणि तोंड काय करत होते, ते हवं. मग पेपर द्या. जिथे मार्क कापलेत तिथे तिने स्वतः समासात एक अक्षर लिहायचं. माहीतच नव्हतं तर 'मा'. वाचलं होतं पण आठवलं नाही तर 'आ'. प्रश्न कळला नाही किंवा भलतंच लिहिलं तर 'प्र'. वेळ पुरला नाही तर 'वे'. घाईत किंवा हिशेबात चुकलं तर 'घा'. तुम्ही गप्प बसायचं. हे फार अवघड जातं, मला अजून जातं. पण आपण बोललो की ती मान डोलावते आणि विचार तिथेच थांबतो. शेवटी अक्षरं मोजायची. "मला काहीच येत नाही" म्हणत आलेली मुलगी जाताना "माझे प्रश्नामुळे नऊ गेले आणि वेळेमुळे सहा" असं म्हणत जाते. पहिल्या वाक्यावर काही इलाज नाही, दुसऱ्यावर आहे.

बहुपर्यायी प्रश्न पुन्हा वापरायचे असतील तर त्या भागाचे फोटो काढू देऊ नका, पण दाखवा जरूर. नर्सिंगमधले 'सर्वात आधी काय कराल' हे प्रश्न इथेच उलगडतात. उदाहरणार्थ, रक्त चढवायला सुरुवात करून दहा मिनिटं झालीत, रुग्णाला थंडी वाजतेय, कंबर दुखतेय. पर्याय: डॉक्टरांना कळवणं, बीपी-पल्स बघणं, रक्त थांबवणं, पिशवी ब्लड बँकेत परत पाठवणं. मुली म्हणतात, "मॅडम, चारही बरोबर आहेत." आहेतच. चारही करायचे आहेत. पण बाकीचं करेपर्यंत चुकीचं रक्त थेंबाथेंबाने आत जातंय, म्हणून आधी थांबवायचं. नवा सेट लावून सलाइनवर शीर चालू ठेवायची, मग पुढचं. असा प्रश्न चुकला तर 'माहीत नाही' म्हणून धडा पुन्हा वाचायला लावू नका. धडा तिला येतो. कोणत्या गोष्टीला उशीर झाला तर रुग्णाला सगळ्यात जास्त इजा होईल, हे स्वतःला विचारायची सवय नसते. ती सवय बोलून लागते. तिला प्रत्येक पर्यायाबद्दल मोठ्याने बोलू द्या.

जाता जाता एक. "पहिलं उत्तर बदलू नका" असं आपण परंपरेने सांगतो. यावर बरेच अभ्यास झालेत आणि बदललेली उत्तरं बहुतेक वेळा चुकीकडून बरोबरकडे गेलेली दिसतात. बरोबर उत्तर बदलून चुकलं की ते जिव्हारी लागतं म्हणून तेवढंच लक्षात राहतं, इतकंच. प्रश्न पुन्हा वाचून कारण सापडलं असेल तर खुशाल बदलावं.

हिशेबाची चूक मात्र मी कधी हलक्यात घेत नाही. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, सेट एका मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? एका मुलीने ५०० गुणिले २० भागिले ४ केलं आणि उत्तर लिहिलं २५००. खाली दोन रेघा मारल्या होत्या. तासांची मिनिटं करायची राहिली. २४० ने भागलं असतं तर ४१.६७, म्हणजे ४२ आलं असतं. तासांची मिनिटं कुणीही विसरेल. मला काळजी वाटली ती त्या दोन रेघांची. हीच मुलगी वॉर्डात घड्याळ डोळ्यांसमोर धरून ड्रिप चेंबरमधले थेंब मोजत होती. मिनिटाला अडीच हजार थेंब पडलेले तिने कधी पाहिलेत? तिला मी सलाइनच्या बाटलीपाशी नेलं, रोलर क्लॅम्प पूर्ण उघडला आणि म्हटलं, मोज. धार लागली. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: गणित करण्याआधी अंदाजाचा आकडा समासात लिहायचा. उत्तर अंदाजापासून फार लांब गेलं तर पेन खाली ठेवायचं आणि पुन्हा बघायचं.

आता 'आ' या अक्षराकडे येते, म्हणजे वाचलं होतं पण आठवलं नाही. ज्यांच्या पेपरात ही अक्षरं जास्त असतील त्यांना विचारा, वाचलं कसं. उत्तर ठरलेलं: नोट्स तीनदा वाचल्या, महत्त्वाचं पिवळं केलं, आयएमपी प्रश्न पाठ केले. काही जणी रविवारी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीवाल्यांच्या शेजारी दहा-दहा तास बसतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं गाइड पाठ असतं. कष्टात कुठेही कसूर नाही. फसवणूक अशी होते की तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतं असं वाटतं.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. मी हे आकडे फळ्यावर लिहिते, कारण "मॅडम, रात्री सगळं येत होतं" या तक्रारीचं उत्तर त्यात आहे. रात्री खरंच येत होतं.

म्हणून बदल एवढाच सांगायचा: एकदा वाचा, वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. दोन दिवसांनी तोच कोरा कागद, आठवड्याने पुन्हा. पहिल्यांदा कागद जवळजवळ रिकामा राहतो आणि मुली घाबरून पुन्हा वाचण्याकडे वळतात. त्या आठवड्यात त्यांच्या पाठीशी उभं राहा. रिकामा कागद घरी दिसला तर भरता येतो, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

'प्र' जास्त असेल तर बहुतेकदा भाषा आडवी येते. आपल्याकडे बीड, लातूर, नंदुरबार, सोलापूरकडून आलेल्या कितीतरी मुली मराठीतून शिकलेल्या असतात आणि पेपर लिहायचा इंग्रजीत. त्यांना इंग्रजी व्याकरणाचा क्लास लावण्याइतका वेळ आता नाही. प्रश्नातली दहा-बारा क्रियापदं तेवढी पक्की करून घ्या. 'एनलिस्ट' म्हणजे नुसती यादी, 'एक्सप्लेन' म्हणजे कसं आणि का, 'डिफरन्शिएट' म्हणजे मध्ये रेघ मारून दोन रकाने. 'नर्सिंग मॅनेजमेंट' म्हणजे नर्सने काय बघायचं, काय करायचं, काय शिकवायचं. डॉक्टरांची औषधं तिथे शेवटी. 'हायपो' (कमी) आणि 'हायपर' (जास्त), 'ब्रॅडी' (मंद) आणि 'टॅकी' (वेगवान) या जोड्या बोलून घ्या, कारण एवढ्याशा फरकाने अख्खा प्रश्न उलटा होतो. आणि हो, आधी मराठीत विचार करू द्या. त्या बीडच्या मुलीने पुढचे दोन महिने प्रत्येक मोठ्या प्रश्नाआधी पेन्सिलीने मराठीत चार शब्द लिहिले, "बघ, कर, दे, शिकव", आणि मग इंग्रजीत उत्तर. युनिव्हर्सिटीत ती पास झाली. आपल्याकडे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. प्रॅक्टिकलमध्ये ती आधीही उत्तम होती.

'वे' वर उपाय सोपा आहे. ७५ मार्कांना तीन तास म्हणजे एका मार्काला साधारण अडीच मिनिटं. १५ मार्कांच्या प्रश्नाला ३५ मिनिटं, त्यातली व्याख्येला पाच. घड्याळ लावून एकच प्रश्न लिहून घ्या. तीन वेळा केलं की हाताला कळतं.

सगळंच 'मा' असेल, पानंच्या पानं कोरी असतील, तर पेपर बंद करा आणि मुलीकडे बघा. झोप किती होते? जेवते का? मेसचं जेवण जात नाही म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या मुली मी पाहिल्यात. एकीचं हिमोग्लोबिन तपासायला लावलं तर सात निघालं. आपण अ‍ॅनिमियाची लक्षणं शिकवत होतो आणि पेशंट पहिल्या बाकावर बसला होता. घरी आजारपण असतं, फीचा हप्ता थकलेला असतो, लग्नाची बोलणी चालू असतात. पेपर हातात आला की घाम फुटून काहीच दिसेनासं होणाऱ्याही असतात, त्यांना परीक्षेच्याच हॉलमध्ये बसवून आधी छोटे पेपर सोडवून घेतले की फरक पडतो. आणि कुणी "जगून काय करायचं" अशा अर्थाचं बोललं, तर तिला एकटीला खोलीवर पाठवू नका. त्याच दिवशी समुपदेशक किंवा मानसोपचार विभागात स्वतः घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, रात्रीही लागतो, तो होस्टेलच्या फलकावर लावून ठेवा.

थोडं आपल्याही पेपराकडे बघायला हवं. ६० जणांत वरचे १६ आणि खालचे १६ बाजूला काढा आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते मोजा. वरच्यांनाही आला नसेल, तर प्रश्न संदिग्ध आहे किंवा आपण शिकवलेलं पोचलेलं नाही. खालच्यांना वरच्यांपेक्षा जास्त आला असेल तर उत्तरतालिका तपासा, माझी एकदा चुकलेली निघाली होती. मी वर्गात माफी मागितली आणि मार्क दिले. त्या दिवसानंतर मुलं माझ्याकडे पेपर घेऊन यायला कमी घाबरू लागली.

दोन महिन्यांत नवीन काही करायचंच असेल तर वॉर्डात करा. पोस्टिंग संपताना, हात धुऊन मुली निघायच्या आधी, पाच मिनिटं. आज ज्या रुग्णाची काळजी घेतली त्याच्यावर युनिव्हर्सिटी विचारेल असा एक प्रश्न तिनेच तयार करायचा आणि तीन मुद्द्यांत उत्तर लिहायचं. कागद तपासून मार्क देऊ नका, फक्त वाचून परत द्या. वर्गातल्या आठवड्याच्या छोट्या टेस्टलाही मार्क नकोत. मार्क आले की मुलं चुका लपवायला लागतात.

राहिला प्रश्न पालकांचा. नंदुरबारहून पुण्याला यायचं तर एका माणसाचा दोन दिवसांचा रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं, आणि इथे येऊन केबिनमध्ये मान खाली घालून बसायचं. प्राचार्यांना सांगा, पेपर बघून होईपर्यंत दोन आठवडे द्या, मग मी फोन करते. फोन मुलीला समोर बसवून करा. वडिलांना करायचा, आईला की मोठ्या बहिणीला, ते तिला विचारा. बोलायचं एवढंच: "तुमची मुलगी वॉर्डात चांगलं काम करते. पेपरात या दोन कारणांनी मार्क गेले. त्यावर आमचं काम चालू झालंय, दर शनिवारी ती चारपर्यंत कॉलेजला थांबेल. तेवढे दोन महिने तिला घरच्या कामासाठी बोलावू नका." ती दोन कारणं शक्यतो तिलाच सांगू द्या. फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही पाच मिनिटं बाहेर जाऊन या.